दहा-बारा वर्षं जुनी हायब्रिड गाडी घेताना: प्रियसच्या पोटात काय काय बघायचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी ह्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढायचा प्रयत्न केलाय, सगळे निघालेले नाहीत.

ह्या भागाचं निमित्त म्हणजे माझी मावसबहीण. ती इथे डॅलसमध्ये एमएस करते. उन्हाळ्यात तिला इंटर्नशिप मिळाली, ऑफिस घरापासून २२ मैल. इथली बस-ट्रेनची अवस्था ज्यांना माहीत आहे ते आत्ता हसले असतील. तिचं बजेट ७,००० डॉलर, आणि त्यातले ४,००० सांगलीहून आलेले. मावशीने एफडी मोडली. मावशीचा मला फोन आला: “अरे, तिला नीट बघून दे हं. पुन्हा पुन्हा नाही जमायचं आम्हाला.” एवढंच बोलली, पण पुढचे दोन आठवडे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कारण एक गोष्ट मी घरी कोणालाच सांगितली नव्हती. २०२२मध्ये मी स्वतः एक जुनी प्रियस घेतली होती. २०१०ची, १ लाख १८ हजार मैल चाललेली, ५,८०० डॉलर. एक टेस्ट ड्राइव्ह मारली, एसी गार आहे का बघितलं, टायर लाथेने ठोकून बघितले (हे का करतात मला आजही माहीत नाही) आणि पैसे दिले. आठ महिन्यांनी हेड गॅस्केट गेलं. दुरुस्तीचा अंदाज ३,२०० डॉलर. शेवटी आहे त्या अवस्थेत १,५०० डॉलरला विकली. बीटेक झालेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिममधले बग शोधतो, आणि गाडी घेताना लॉगसुद्धा उघडून बघितला नाही.

तर आज आपण त्या लॉगबद्दलच बोलणार आहोत. उदाहरण टोयोटा प्रियसचं, कारण अमेरिकेत ह्या बजेटमध्ये हायब्रिड म्हटलं की नव्वद टक्के वेळा तीच समोर येते. २००४ ते २००९ मॉडेल म्हणजे दुसरी पिढी, २०१० ते २०१५ तिसरी, २०१६ ते २०२२ चौथी. सहा-सात हजारांत साधारण तिसरी मिळते, म्हणून बहुतेक बोलणं तिच्याबद्दल.

आधी एक गैरसमज. लोक म्हणतात, “हायब्रिड म्हणजे सीव्हीटी, आणि सीव्हीटी म्हणजे कटकट.” प्रियसमध्ये नेहमीच्या सीव्हीटीतला तो स्टीलचा पट्टा नसतोच. एक प्लॅनेटरी गिअर सेट असतो आणि दोन मोटर-जनरेटर. इंजिनाची ताकद ह्या गिअर सेटमध्ये विभागली जाते, थोडी थेट चाकांकडे, थोडी जनरेटरमार्फत विजेच्या रूपात. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. तिसऱ्या पिढीत तर इंजिनावरचा बेल्टही गेला, कारण पाण्याचा पंपसुद्धा विजेवर चालतो. झिजणारे भाग इतके कमी की हा ट्रान्सॲक्सल बहुधा गाडीतला सगळ्यात कमी त्रास देणारा भाग असतो. त्याच्यावर वेळ घालवू नका.

सगळे घाबरतात ते बॅटरीला. मोठी बॅटरी मागच्या सीटच्या मागे असते, निकेल-मेटल हायड्राइडची. त्यात २८ मॉड्यूल, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, एकापुढे एक जोडलेली, म्हणून एकूण २०१.६ व्होल्ट. आकडा मोठा वाटतो, पण साठवण किती? सुमारे १.३ किलोवॅट-तास. आपल्या बाथरूममधला २ किलोवॅटचा गीझर ह्यावर जेमतेम ४० मिनिटं चालेल. म्हणजे ही बॅटरी टाकी नाही, पाण्याचा तांब्या आहे. सारखा भरायचा, सारखा ओतायचा. त्यातही गाडी ती कधी पूर्ण भरत नाही आणि कधी रिकामी करत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते, म्हणून ती इतकी वर्षं टिकते.

आता एकापुढे एक जोडणी म्हटल्यावर काय होतं? २८मधलं एक मॉड्यूल म्हातारं झालं की सगळ्या रांगेला त्याच्या चालीने चालावं लागतं. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलची जोडी करून १४ ब्लॉकचं व्होल्टेज सतत बघत असतो. ब्लॉकांमधला फरक फार वाढला की तो पी०ए८० हा कोड टाकतो, ज्याचा अर्थ सरळ आहे: पॅक बदला. आपल्याला कोड येण्याआधीची अवस्था ओळखायची आहे. त्यासाठी वीस-तीस डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि फोनवर डॉक्टर प्रियससारखं ॲप पुरतं. गाडी उभी असताना १४ही ब्लॉक जवळपास सारखे दिसतात, अगदी आजारी पॅकमध्येही. खरं चित्र भाराखाली दिसतं. जोरात ॲक्सिलरेटर दाबा, चढावर न्या, मग लांब ब्रेक लावा. दाबल्यावर एखादा ब्लॉक इतरांपेक्षा जास्त खाली बसतो का, आणि चार्ज होताना तोच इतरांच्या वर उडी मारतो का, हे बघायचं. दोन्ही करणारा एकच ब्लॉक असेल तर तोच तो म्हातारा.

अडॅप्टर नसेल तरी एक घरगुती चाचणी आहे. गाडी रेडीमध्ये, पार्कमध्ये, एसी फुल. इंजिन बंद होऊ द्या आणि घड्याळ लावा. धडधाकट बॅटरी काही मिनिटं एकटी एसी ओढते, मग इंजिन सुरू होऊन तिला भरतं. बॅटरीची क्षमता गेली असेल तर इंजिन दर मिनिट-दीड मिनिटाला चालू-बंद होतं, आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या लिफ्टसारख्या वरखाली पळतात.

बॅटरीला उष्णतेचा शाप आहे, आणि आम्ही राहतो टेक्ससमध्ये. ती गार ठेवायला पंखा असतो, जो गाडीच्या आतलीच हवा ओढतो. त्याचं तोंड मागच्या सीटच्या बाजूला, उजवीकडे. तिथे बॅगा ठेवून लोक ते बुजवतात, घरात कुत्रा असेल तर केसांनी पंखा भरतो. टॉर्च मारून बघा. आणि मैलांबद्दल माझं मत जरा उलटं आहे. हायवेवर रोज पळून दोन लाख मैल झालेली गाडी मला अंगणात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या साठ हजार मैलांच्या गाडीपेक्षा कमी घाबरवते. ही बॅटरी वापरली तर टिकते. उभी राहिली की हळूहळू स्वतःच रिकामी होत जाते, आणि सगळी मॉड्यूल सारख्या वेगाने रिकामी होत नाहीत.

“बॅटरी नवीन टाकलीय” असं कोणी सांगितलं तर पावती मागा. नवीन पॅक वेगळी आणि ‘रिफर्बिश्ड’ वेगळी. रिफर्बिश्ड म्हणजे बऱ्याचदा जुन्याच पॅकमधली दोन-तीन मेलेली मॉड्यूल काढून दुसऱ्या जुन्या पॅकमधली टाकलेली. सहा महिन्यांनी पुढचं मॉड्यूल झोपतं.

पण खरं सांगू का, तिसऱ्या पिढीत मला बॅटरीची भीती दुसऱ्या नंबरची वाटते. बॅटरीचा खर्च निदान आधी मोजता तरी येतो. मला मिळालेली कोटेशन्स, मूळ कंपनीच्या नव्या पॅकची, अडीच ते साडेतीन हजार डॉलरची होती. पहिल्या नंबरची भीती इंजिनाची. ह्या पिढीत १.८ लिटरचं इंजिन आलं आणि त्याबरोबर ईजीआरची व्यवस्था आली. धुराचा काही भाग गार करून परत इंजिनात सोडायचा, म्हणजे मायलेज सुधारतं. गाडी नवी असताना ५० मैल प्रति गॅलनचा अधिकृत आकडा काही उगाच नव्हता. पण तो धूर गार करणारा कूलर वर्षानुवर्षांच्या काजळीने चोंदतो. त्यामुळे सिलिंडर जास्त तापतात आणि शेवटी हेड गॅस्केट सोडतं, असं ह्या गाड्यांवर काम करणारे बरेच मेकॅनिक सांगतात. गॅस्केट एकदम फुटत नाही. सुरुवातीला रात्रभर गाडी उभी असताना थोडंसं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी सुरू केली की इंजिन पाच-दहा सेकंद रिक्षासारखं थडथडतं, मग शांत. दिवसभर पुन्हा काही नाही. संध्याकाळी टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्याला काहीही कळत नाही. मला नव्हतं कळलं.

म्हणून नियम एकच: इंजिन पूर्ण थंड असताना पहिला स्टार्ट तुमच्यासमोर झाला पाहिजे.

पहिली गाडी बघायला आम्ही गारलंडला गेलो. २०१२ची, १ लाख ३९ हजार मैल, ६,९०० डॉलर, सुंदर निळा रंग. बहिणीने फोटो बघूनच तिला मनातल्या मनात घरी आणून लावली होती. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. मालक म्हणाला, तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली. अडॅप्टर लावला: कूलंट ८४ अंश, बाहेरची हवा २६. बरं, ठीक आहे, लोक गाडी धुवायला नेतात. मग मी दुसरा आकडा उघडला.

इथे सॉफ्टवेअरवाल्यांनी कान टवकारा. गाडीतला एरर कोड कोणीही स्वस्तातल्या स्कॅनरने पुसू शकतो, दिवा विझतो. पण पुसल्याचा मागमूस राहतो. एक, ‘कोड पुसल्यापासून किती अंतर चालली’ हा आकडा ओबीडीत वाचता येतो. दोन, ‘रेडिनेस मॉनिटर’ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईजीआर, सेन्सर वगैरेंच्या गाडी स्वतःच स्वतःच्या घेत असलेल्या परीक्षा. कोड पुसले की ह्या सगळ्या ‘अपूर्ण’ होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरेच दिवस वेगवेगळ्या वेगाने गाडी चालवावी लागते. तीन, २०१०च्या सुमारापासून गाड्यांमध्ये ‘परमनंट कोड’ येऊ लागले. ते स्कॅनरने जात नाहीत. दोष खरंच गेलाय अशी गाडीची खात्री झाली तरच जातात. लॉग डिलीट केले तरी डिलीट केल्याचा लॉग उरतो, तसं.

ह्या गाडीत कोड पुसल्यापासूनचं अंतर होतं ११ किलोमीटर. जवळजवळ सगळे मॉनिटर अपूर्ण.

मी विचारलं. मालक म्हणाला, कालच छोटी बॅटरी बदलली. आता हे उत्तर खरं असू शकतं बरं का. प्रियसमध्ये १२ व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते, मागे डिकीत उजव्या बाजूला, आणि तिचं कनेक्शन काढलं की हे आकडे शून्यावर जाऊ शकतात. ती कमजोर झाली तर डॅशबोर्डवर दिवाळी होते, सगळे दिवे लागतात, आणि लोक घाबरून मोठी बॅटरी गेली समजतात. अशी गाडी स्वस्तात मिळाली तर लॉटरीच. म्हणून मी डिकी उघडली. बॅटरीवर तारखेचा स्टिकर होता. २०२१.

मी काही बोललो नाही. उद्या सकाळी सातला येतो, तोवर सुरू करू नका, एवढंच सांगितलं. परत येताना बहीण गाडीत गप्प. मग म्हणाली, “दादा, तू तुझ्या गाडीचा राग ह्या गाडीवर काढतोयस.” मला लागलं ते. कारण थोडं खरंही होतं, मी चूक शोधायलाच गेलो होतो.

सकाळी कूलंट १७ अंश, हवाही १७. म्हणजे मालकाने शब्द पाळला. बहिणीने पॉवर बटण दाबलं. काही सेकंदांत इंजिन सुरू झालं आणि सगळी गाडी हलायला लागली. मी मोजले, आठ सेकंद. आरसा थरथरत होता. मग एकदम शांत, जसं काही झालंच नाही. बॉनेट उघडलं, इंजिनाच्या कूलंटची पातळी लोच्या रेषेखाली. मालक म्हणाला, थंडीत असं करते. १७ अंशांत! बॅटरीची गोष्ट त्याने खोटी सांगितली, पण गॅस्केटबद्दल त्याला माहीत असेलच असं मी म्हणणार नाही. २०२२मध्ये मलाही नव्हतं. आम्ही आभार मानून निघालो. ह्या वेळी गप्प बसण्याची पाळी माझी होती, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि इंटर्नशिपला तीन आठवडे उरले होते.

दुसरी गाडी मकिनीला. २०१३ची, १ लाख ५१ हजार मैल, ६,४०० डॉलर. रंग करडा, बहिणीला अजिबात आवडला नाही. मालकीणबाईंनी पावत्यांची जाड फाइल समोर ठेवली आणि माझं निम्मं काम झालं. १ लाख २० हजार मैलांना ईजीआर कूलर काढून साफ केल्याची पावती त्यात होती. टोयोटाच्या डीलरकडे झालेली कामं कंपनीच्या मालकांसाठीच्या साइटवर व्हिन नंबर टाकून दिसली, ती फाइलशी जुळली. कारफॅक्सचा रिपोर्ट घ्या जरूर, पण तो फक्त कोणीतरी कळवलेलं सांगतो. न कळवलेला अपघात त्यात नसतो.

थंड स्टार्ट गुळगुळीत. डिपस्टिकवर तेल पूर्ण. हेही बघाच, कारण ह्या पिढीतल्या काही गाड्या पिस्टन रिंगांमुळे तेल पितात. कोड पुसल्यापासून हजारो किलोमीटर, मॉनिटर पूर्ण. डॅलस आणि कॉलिन काउंटीत एमिशन टेस्ट लागते, मॉनिटर अपूर्ण असले तर तिथेही अडकता.

ब्रेकचं एक लक्षात ठेवा. हायब्रिडमध्ये ब्रेक पॅड फार टिकतात कारण बरंचसं थांबवणं मोटर करते. पण ब्रेकचा दाब तयार करणारा विजेचा पंप ह्या पिढीचा दुखरा सांधा आहे. दार उघडलं की पंपाची थोडी घरघर होते, ती ठीक. गाडी उभी, पाय ब्रेकवर नाही, आणि तरी काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा घरघर, तर दाब गळतोय. दुरुस्ती हजारांच्या घरात. म्हणून रेडिओ बंद करून दोन मिनिटं नुसतं बसा. विचित्र वाटतं, बसा.

मग रिकॉल. एनएचटीएसएच्या साइटवर १७ अक्षरी व्हिन टाकला की न झालेले रिकॉल दिसतात, दुरुस्ती फुकट. फेब्रुवारी २०१४मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या. जास्त भाराखाली इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर तापून खराब होऊ शकत होते. उपाय काय, तर सॉफ्टवेअर अपडेट. ऑक्टोबर २०१८मध्ये पुन्हा सुमारे २४ लाख हायब्रिड, पुन्हा सॉफ्टवेअर. हार्डवेअरच्या दुखण्यावर आपला लेप, ओळखीचं वाटलं ना? मकिनीच्या गाडीचा एक रिकॉल बाकी होता.

टेक्ससमध्ये अजून एक: पूर. २०१७च्या हार्वी वादळात ह्यूस्टन भागातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली हायब्रिड फुकट मिळाली तरी नको. टायटलवर शिक्का आहे का बघा, आणि डिकीतला गालिचा उचलून १२ व्होल्टच्या बॅटरीखाली गाळ, गंजलेले कनेक्टर शोधा.

खाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बघा. त्यातल्या महागड्या धातूंमुळे चोरांचं प्रियसवर, विशेषतः दुसऱ्या पिढीवर, फार प्रेम. ह्या गाडीत करवतीच्या खुणा आणि नवीन वेल्डिंग होतं. बाईंनी लगेच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी चोरीला गेला, बाजारातला बसवला. पावतीही होती. बॅटरी मात्र मूळची, भाराखाली नऊ नंबरचा ब्लॉक इतरांपेक्षा ०.३ व्होल्ट खाली. पंख्याच्या तोंडात कुत्र्याचे पांढरे केस, अक्षरशः गादी.

मग आम्ही १८० डॉलर देऊन हायब्रिडचंच काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये तपासणी केली. त्यांनी कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गळती बघितली आणि स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा घातला, पिस्टनवर कूलंटचे डाग आहेत का ते बघायला. नव्हते. हा खर्च मला २०२२मध्ये जास्त वाटला होता.

बॅटरी म्हातारी, कन्व्हर्टर बाजारातला, हे दोन मुद्दे ठेवून ५,७०० डॉलरला सौदा झाला. उरलेल्या पैशाला हात लावायचा नाही, तो बॅटरीसाठी, असं ठरलं. पॅक ह्या उन्हाळ्यात जाईल का दोन वर्षांनी, मला सांगता येत नाही, आणि तिला मी तसंच सांगितलं. मावशीलाही फोन करून सांगितलं, आणि त्याच फोनवर माझ्या २०२२च्या गाडीचंही. ती म्हणाली, “मग तेव्हाच का नाही बोललास?”

पंखा आम्ही दोघांनी एका शनिवारी खोलून साफ केला. बहीण आता दर महिन्याला एकदा, ऑफिसहून परतताना त्याच फ्लायओव्हरच्या चढावर, १४ ब्लॉकचा स्क्रीनशॉट घेते (गाडी थांबवल्यावर बघते, आधी नाही) आणि मी तो शीटमध्ये भरतो. ऑगस्टच्या ४० अंशांत नऊ नंबर ०.४वर गेला होता, सप्टेंबरमध्ये परत ०.३. ती शीट कोणाला टेम्प्लेट म्हणून हवी असेल तर कळवा, पाठवतो. पुढच्या भागात भेटू.